निशिगंधाची बहीण

माझं जर्मन चांगलं आहे. ही फुशारकी नव्हे. पुढे जे घडलं त्यात या चांगल्या जर्मनचा हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, १९७९ साली मानहाइमच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले, तेव्हापासून मी या देशात आहे. पहिली वीस वर्षं आसपास मराठी कुटुंबं चारच होती. मग २००० साली सरकारने कॉम्प्युटरवाल्यांना पाच-पाच वर्षांचे परवाने वाटायला घेतले आणि वाल्डॉर्फच्या बस स्टॉपवर मराठी ऐकू यायला लागलं. या मंडळींना ऑफिसात इंग्रजी पुरायचं, पण घरमालकाचं पत्र आलं किंवा शाळेची चिठ्ठी आली की घोडं अडायचं. मग सगळे माझ्याकडे. 'सुरेखाताई, एवढं जरा बघा ना.' सुरेखाताईने आजवर शे-दोनशे पत्रं लिहिली असतील. त्यातली दोन मला विसरता येत नाहीत, आणि ती दोन्ही साधना केळुसकरची आहेत.

आमची ओळख भांडणानेच झाली म्हणा ना. २००१ चा गणपती, एका शाळेचा व्यायामाचा हॉल भाड्याने घेतलेला. प्रसादाचा शिरा कसा झालाय म्हणून मी पातेल्याच्या कडेला बोट लावलं, तर मागून आवाज आला, "ताई, चमचा आहे."

वळून बघितलं तर एक किडकिडीत बाई, तेहतीस-चौतिशीची, चमचा पुढे करून उभी. चेहऱ्यावर हसू नाही की संकोच नाही. मी म्हटलं, "हात धुतलेत गं माझे."

"नखं धुतली जात नाहीत," ती म्हणाली. "मायक्रोस्कोप असता तर दाखवलं असतं."

मला राग आला, आणि घरी पोचेपर्यंत तीच बाई तेवढी आवडूनही गेली. बाकीच्या सगळ्या मला 'तुमच्या हाताला काय चव आहे' म्हणत होत्या. हिने त्याच हाताला चमचा दिला.

साधना मूळची सांगलीची. १९८९ ची बी.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी. त्यानंतर तीन वर्षं एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये नोकरी. दिवसभर क्षयाच्या रोग्यांच्या थुंकीच्या काचा रंगवायच्या आणि बघायच्या. त्या तीन वर्षांतली एकच गोष्ट तिने मला सांगितली, तीही एकदाच. एका प्रसूतिगृहात लागोपाठ चार बाळं दगावली. हिला नमुने घ्यायला पाठवलं. हिने पाळणे, नळ, टॉवेल, नर्सेसचे हात, सगळीकडून तीस नमुने घेतले. जंतू सापडले ते जंतुनाशकाच्या बाटलीत. कुणीतरी ते औषध पाणी घालून वाढवून ठेवलं होतं आणि सगळे त्याच बाटलीने हात धुऊन बाळांना उचलत होते. ही बावीस वर्षांची पोरगी. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. आणखी एक बाळ गेलं तेव्हा बाटली बदलली.

"हे काम मला येतं, सुरेखाताई," ती म्हणाली. "दुसरं काही फारसं येत नाही."

एवढंच तिला हवं होतं. दागिना, गाडी, घर, यातलं काही मी कधी तिच्या तोंडून ऐकलं नाही. तासाभराच्या अंतरावरच्या एका विद्यापीठात, त्याचं नाव मी इथे घेत नाही, पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. इस्पितळात जंतुसंसर्ग कसा पसरतो आणि कसा थांबवायचा, हे शिकवणारा. जागा पंधरा. अटी तीन. विज्ञानाची पदवी हवी, जर्मन हवं, आणि रसायन, जीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय गेल्या दहा वर्षांत पास केलेले हवेत. हिच्या पदवीला तेरा वर्षं होऊन गेली होती. म्हणजे पदवी चालेल, पण तिच्यातलं ज्ञान शिळं. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून गप्प बसली असती. हिने त्या अटीत खोट काढली नाही. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली, "दहा वर्षांत जंतूसुद्धा बदलतात."

मग २००२ च्या सप्टेंबरात तिने मोठ्या माणसांसाठी असलेल्या संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं. नाव घालताना पासपोर्ट दाखवायचा असतो, तो दाखवला. पासपोर्टवर साधना श्रीपाद केळुसकर, म्हणून शाळेच्या हजेरीवरही साधना श्रीपाद केळुसकर. यात विचार करण्यासारखं काय आहे असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. मीही तिथे शेजारीच उभी होते.

अडीच वर्षं ती जात होती. आठवड्यातून तीन दिवस, पाच वीसची बस. वर्गात एक केस कापणारी मुलगी, एक बेकरीत काम करून आलेला दमलेला माणूस, बाकी विशी-बाविशीची पोरं. श्रीपाद त्या दिवसांत खिचडी टाकायचा. श्रीपाद वाईट माणूस नाही. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांची मुलगी अपूर्वा तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. ती आईला रसायनाची लांबलचक नावं म्हणायला लावायची आणि चुकली की "नाइन, ममा, नोखमाल," असं शिक्षिकेसारखं म्हणून पुन्हा म्हणायला लावायची. आई निमूट पुन्हा म्हणायची.

शाळेतल्या रसायनाच्या बाई, फ्राऊ लिंडनर, मला एकदा, शाळा सगळ्यांना बघायला खुली ठेवतात त्या दिवशी भेटल्या. निवृत्तीला आलेल्या, खडूने कायम पांढऱ्या झालेल्या बाई. म्हणाल्या, "तुमची मैत्रीण डाव्या हाताने नळी सोडते आणि उजव्या हाताने चंबू फिरवते. रंग गुलाबी व्हायला जो एक थेंब लागतो त्याच थेंबाला थांबते. तीन वेळा करते आणि तिन्ही वेळा तोच आकडा. हे माझ्याकडे येऊन शिकता येत नाही. ही कुठून आलीय?" मी म्हटलं, सांगलीहून. त्यांनी ते नाव कागदावर लिहून घेतलं.

साधना वही अजूनही सांगलीच्या पद्धतीनेच लिहायची. वर उद्देश, मग साहित्य, मग कृती, मग निष्कर्ष, डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती. फक्त भाषा जर्मन. पोरं परीक्षेआधी तिच्या वह्यांच्या झेरॉक्स काढायची. ती द्यायची, पण आधी हात धुऊन यायला सांगायची.

२००४ च्या जानेवारीत तिचे वडील वारले. आई आधीच गेलेली, भावंडं नाहीत. चार दिवसांवर संख्याशास्त्राचा पेपर होता, ती सांगलीला गेली नाही. मी भेटायला गेले तर टेबलाशी बसून गणितं सोडवत होती. एक गणित संपवून म्हणाली, "दर रविवारी फोनवर विचारायचे, निशू, अभ्यास कुठवर आला?"

"निशू?" मी विचारलं.

"माझं नाव. निशिगंधा. लग्नात बदललं." मग पेन्सिलीचं टोक बघत म्हणाली, "आता निशू म्हणणारं कोणी उरलं नाही."

मला तेव्हा एवढंच वाटलं की बिचारीला बापाची आठवण येतेय. लग्नात नाव बदलणं यात आपल्याला नवल ते काय. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, साखर वाटायची, झालं. माझंही बदलणार होतं, पण आमच्या ह्यांचं अक्षर इतकं दिव्य की तांदळात काय लिहिलंय ते भटजींनाही लागेना, म्हणून मी सुरेखाच राहिले. घरात आम्ही हा किस्सा हसून सांगतो. साधनाच्या वेळी सासूबाईंनी ठरवलं होतं: निशि म्हणजे रात्र, रात्रीचं नाव घरात नको. श्रीपादने लिहिलं, साधना. अक्षरं त्याच्या बाजूने होती, हिला ती उलटी दिसली आणि आधी वाचताच आली नाहीत. ते तांदूळ नंतर डब्यात गेले.

तिन्ही विषयांत ती पहिल्या श्रेणीत पास झाली. फ्राऊ लिंडनरनी दोन पानी शिफारस लिहून दिली. २००५ च्या मार्चमध्ये आम्ही दोघींनी मिळून अर्जाची फाइल लावली: शाळेची ताजी प्रमाणपत्रं, सांगलीची पदवी आणि गुणपत्रिका, लग्नाचा दाखला, पासपोर्टची प्रत. ती म्हणाली, "सुरेखाताई, मला घेतलंच नाही तर?" मी म्हटलं, "तुला नाही घेतलं तर त्यांना मी बघून घेईन."

मेमध्ये पत्र आलं. गुण उत्तम आहेत, शिफारस उत्तम आहे. फक्त एक खुलासा हवा. पदवी निशिगंधा दिनकर ठोसर या व्यक्तीची आहे. ही व्यक्ती कोण?

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, कुठे माशी शिंकली बघ. एक दाखला जोडला की झालं. मग आम्ही दाखला शोधायला बसलो आणि माझं हसू हळूहळू ओसरलं. जन्माची नोंद काढली, तर १९६८ सालच्या त्या नोंदीत बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी'. लग्नाचा दाखला बघितला. लग्न ९२ चं, पण नोंदणी केली ९८ साली, पासपोर्टला हवी म्हणून, तीही एजंटाकडून. त्याने वधूचं लग्नापूर्वीचं नाव लिहिलं होतं, साधना दिनकर ठोसर. घरात सगळे साधना म्हणतात म्हणून साधना, आणि माहेरचं म्हणून ठोसर. अशी कुणी बाई कधी जन्मालाच आली नव्हती. पण सही-शिक्क्यानिशी कागदावर तीच होती आणि तिच्यावरच पासपोर्ट निघाला होता. निशिगंधाची साधना झाली, हे सांगणारा एकही कागद जगात नव्हता. आपल्याकडे तो लागत नाही. 'लग्नानंतर नाव बदललं' म्हटलं की कारकून मान डोलावतो, कारण त्याच्या बायकोचंही बदललेलं असतं.

श्रीपादने सांगलीला त्याच्या चुलतभावाला, सुधीरला फोन लावला. सुधीर उत्साही गडी. त्याने महिन्याभरात खटपट करून सरकारी राजपत्रात जाहिरात छापून आणली: निशिगंधा दिनकर ठोसर यांचं नाव बदलून साधना श्रीपाद केळुसकर झालं आहे. खाली तारीख, जून २००५. कुरिअरने ते राजपत्र आलं त्या दिवशी साधनाने शिरा केला होता. मी चमच्याने खाल्ला.

विद्यापीठाच्या कचेरीत आम्ही दोघी गेलो. राजपत्र साधनाच्या पर्समध्ये. खिडकीपलीकडचे गृहस्थ सभ्य होते, हेही सांगायला हवं. त्यांनी आमच्यासमोर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले, लग्नाचा दाखला आणि पदवी, आणि त्यांवर बोट ठेवून म्हणाले, "आल्झो, इथे साधना ठोसर, वडील दिनकर. इथे निशिगंधा ठोसर, वडील दिनकर. ही आपली बहीण का?"

साधना म्हणाली, "ती मीच." तिचं जर्मन तोवर चांगलं झालं होतं, मी नुसतीच सोबतीला होते.

"तसं दाखवणारा कागद आहे?"

तिचा हात पर्सच्या चेनवर गेला. मी तो दाबून धरला. इतकी वर्षं या देशात काढली की कागद देण्याआधी विचारावं एवढं कळतं. मी म्हटलं, समजा, नाव बदलल्याचा सरकारी कागद आणला, पण त्यावर तारीख या वर्षीची असली, तर?

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा स्वतःकडे ओढले. मग म्हणाले, "तर त्या कागदाप्रमाणे या बाई या वर्षापर्यंत निशिगंधा होत्या. मग १९९८ चा साधना नावाचा पासपोर्ट कुणाचा? लग्नाच्या दाखल्यावरची साधना ठोसर कोण? हे मला ठरवता येत नाही. मला ते आउसलेण्डरबेहर्डेला कळवावं लागेल."

ही परदेशी माणसांची कचेरी. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते: या देशात राहायचं की जायचं हे तिथे ठरतं. आणि श्रीपादचा पाच वर्षांचा परवाना ऑक्टोबरअखेर संपत होता. कायमच्या परवान्याचा त्याचा अर्ज त्याच कचेरीत, तिघांच्या कागदांसकट, त्याच लग्नाच्या दाखल्यासकट पडून होता.

साधनाने पर्सवरचा हात काढून मांडीवर ठेवला. गृहस्थांनी लेखी दिलं: पदवी कुणाची आहे याचा खुलासा पंधरा जुलैपर्यंत करावा. न केल्यास प्रकरण पुढे पाठवावं लागेल.

वकील गाठला. तो म्हणाला, तुम्ही खऱ्या आहात, शेवटी ते सिद्धही होईल. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. तोवर नवऱ्याच्या परवान्यावर कुणी सही करणार नाही, आणि सही झाली नाही तर नोकरी राहणार नाही. किंवा अर्ज मागे घ्या आणि पदवी चुकून दुसऱ्या कुणाची जोडली गेली असं कळवा. अर्ज मागे घेतला की खुलाशावर कुणी वेळ घालवत नाही. एवढं सांगून तो पुढच्या टेर्मिनला, म्हणजे ठरलेल्या भेटीला, पळाला.

रविवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. श्रीपादचा चेहरा उतरलेला. तो बराच वेळ टेबलावरचं राजपत्र सरळ करत राहिला. ते सरळच होतं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "या वर्षी राहू दे. एकदा कायमचा परवाना हातात पडला ना, मग पुढच्या वर्षी निवांत अर्ज कर. कोण अडवतंय?"

"पुढच्या वर्षी अर्ज कोण करणार?" साधनाने विचारलं. आवाज चढला नव्हता. "त्यांच्याकडे माझ्या सहीने लिहिलेलं असेल की ती पदवी माझी नाही. पुढच्या वर्षी काय सांगू? आठवलं, माझीच होती?"

तिने सोळा वर्षांपूर्वी मिळवलेलं आणि गेल्या तीन वर्षांत पुन्हा मिळवलेलं, दोन्ही एकत्र असेल तरच उपयोगाचं होतं. पदवीशिवाय ती तीन ताजी प्रमाणपत्रं म्हणजे रद्दी.

"अहो," ती त्याला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नाव तसंच ठेवा म्हणाला असतात तर?"

"आईने ठरवलं होतं गं. मला काय माहीत होतं?" तो म्हणाला. मग खालच्या मानेने, "मला ते नाव आवडलं होतं. निशिगंधा."

हे त्याने तेरा वर्षांत तिला पहिल्यांदाच सांगितलं असावं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मला त्या माणसाची कीव आली आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

अपूर्वा पाणी प्यायला आली. तिने टेबलावरचा कागद वाचायचा प्रयत्न केला आणि जर्मनमध्ये विचारलं, "ही निशिगंधा कोण?" श्रीपादने कागद उलटा ठेवला, तशी ती ग्लास घेऊन परत गेली.

साधना उठली, हात धुऊन आली आणि माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. "लिहा, सुरेखाताई. तुमचं जर्मन चांगलं आहे."

मी लिहिलं. माझ्या अर्जात कागदपत्रं लावताना चूक झाली. जोडलेली पदवी माझ्या बहिणीची आहे. मी अर्ज मागे घेते आणि झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागते. एवढं लिहून थांबले. मग मलाच सुचलं. ते कुणी मला सुचवलं नाही, श्रीपादने नाही, वकिलाने नाही. मी म्हटलं, "नुसतं बहीण लिहिलं तर विचारतील, बहीण कुठे असते, तिची संमती आहे का. वारली लिहिलं की पुढे कुणी विचारत नाही. लोक ओशाळतात."

"कशाने वारली?" साधनाने विचारलं.

"कारण लिहावं लागत नाही."

"बरं," ती म्हणाली.

मी 'माझ्या बहिणीची' याच्या जागी 'माझ्या दिवंगत बहिणीची' असं केलं. फार सफाईदार पत्र झालं. तिने ते दोनदा वाचलं, एका तारखेत माझी चूक झाली होती ती दाखवली, आणि सही केली. उत्तर आठवड्यात आलं, दोन ओळींचं. अर्ज मागे घेतल्याची नोंद केली आहे, आपल्या दुःखात सहभागी आहोत. लोक ओशाळतात, मी म्हटलं होतंच.

ऑक्टोबरमध्ये तिघांचे कायमचे परवाने आले. श्रीपादने पेढे आणून दिले, फ्रँकफर्टहून, मुद्दाम. त्याच महिन्यात साधनाला विसलोखमधल्या एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम मिळालं. चादरी किती अंशांवर धुवायच्या हे मशीनवर आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तिने एकदा वरच्या बाईंना सांगितलं की आजारी माणसांच्या चादरींना एवढी उष्णता पुरत नाही. त्या म्हणाल्या, फ्राऊ केळुसकर, त्यासाठी आमच्याकडे शिकलेली माणसं आहेत.

आणि मग माझी दुसरी चूक. शनिवारच्या बाजारात मला फ्राऊ लिंडनर भेटल्या. त्यांनी थेट विचारलं, तिने अर्ज मागे का घेतला? मी एवढी शिफारस लिहिली होती. खरं सांगायची सोय नव्हती, गाव लहान आहे. खोटं एकदा लिहिलं की ते सगळीकडे सारखंच सांगावं लागतं. मी म्हटलं, घरात दुःख झालं, तिची बहीण गेली. "अरेरे," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "नाव काय होतं?" आणि मी सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी साधना माझ्याकडे आली. कामावरून थेट, अंगाला साबणाच्या पावडरचा वास. पर्समधून तिने एक पाकीट काढलं. काळ्या किनारीचं जाड कार्ड, आत फ्राऊ लिंडनरचं सरळ, शिक्षिकेचं अक्षर. मी वाचलं. 'प्रिय फ्राऊ केळुसकर, तुमची बहीण निशिगंधा गेल्याचं कळलं. मी तिला ओळखत नव्हते. पण तुमच्याकडे पाहून वाटतं की ती हुशार आणि काटेकोर असणार. तिची फार लवकर वेळ आली. तिच्यासाठी मी एक मेणबत्ती लावली आहे.'

मी म्हटलं, "साधना, माझं चुकलं गं. त्यांनी विचारलं आणि मी—"

"असू दे," ती म्हणाली. "कुणीतरी लिहायला हवंच होतं. इथे अशा कार्डाला उत्तर द्यायची पद्धत आहे ना?"

"आहे."

"मग लिहा. मी सांगते."

मी कागद घेतला. ती खिडकीकडे बघत सांगत गेली, एकेक वाक्य, थांबून, मला लिहायला वेळ देत. माझी बहीण सांगलीत कॉलेजात पहिली आली होती. तिचा हात स्थिर होता. ती तीन वर्षं एका लॅबमध्ये होती आणि एका बाटलीत तिने असं काही शोधलं की त्यामुळे काही बाळं वाचली असतील. किती, ते मोजता येत नाही. वडिलांची ती फार लाडकी होती. तुम्ही तिला भेटला असतात तर तुम्हाला ती आवडली असती. तिच्यासाठी मेणबत्ती लावल्याबद्दल आभार.

मी लिहिताना दोनदा चष्मा पुसला. तिचे डोळे कोरडे होते. तिने कागद घेतला, नेहमीसारखा दोनदा वाचला, या वेळी चूक नव्हती, आणि खाली सही केली, साधना केळुसकर.

मी चहा टाकायला उठले. ती कोट न काढताच बसली होती. मागून म्हणाली, "सुरेखाताई, बहिणीचं सुतक किती दिवस असतं?"

मी आधण बघत होते. सवयीने तोंडातून गेलं, "लग्न झालेल्या की न झालेल्या?"

"न झालेल्या," ती म्हणाली.

मी वळले नाही. मला वळवेना. शास्त्रात काय सांगितलंय ते मला नीटसं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या वेळी आठवलं नसतं. मी म्हटलं, "तीन दिवस धर."

ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोटाने मोजू लागली. आज मंगळवार, बुधवार, गुरुवार.

"म्हणजे शुक्रवारी देवापाशी दिवा लावता येईल," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.